दोनशे लिटर समुद्र

नळीतलं पाणी निळं व्हायला लागलं आणि थांबेना.

टाकीतलं पाच मिली पाणी, रसायनाचे सहा थेंब, चमच्याच्या टोकावर मावेल एवढी पूड. मग दोन मिनिटं हलवायचं, पाच मिनिटं वाट बघायची आणि नळी रंगांच्या पट्टीवर धरायची. निळा जितका गडद, तितकं पाण्यात फॉस्फेट जास्त. माझी नळी पट्टीवरच्या शेवटून दुसऱ्या चौकोनापाशी जाऊन थांबली.

"किती?" धैर्यशीलनं विचारलं. सूतगिरणीत त्याची दुसरी पाळी होती. तो दारात बसून बूट घालत होता.

"पॉइंट पाच."

"मागच्या रविवारी?"

"पॉइंट चार."

"आणि पाहिजे किती?"

"पॉइंट शून्य पाचच्या आत."

त्यानं लेस बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

"तेजू, दोन महिने हेच चाललंय. मी जातो तेव्हा तू टाकीसमोर असतीस, येतो तेव्हाबी टाकीसमोर."

"मग कुठं असू?"

तो उठला, डबा घेतला.

"दसऱ्यापर्यंत बघू. तोवर पाणी सुधारलं तर ठीक. न्हाईतर कोरगावकर काकांना सांगतो, जे जगलंय ते घेऊन जा म्हणून. त्यांच्याकडं तरी जगंल."

"बरं," मी म्हणाले आणि वहीत आकडा लिहिला.

दसऱ्याला पाच आठवडे होते. ती वही अजून आहे. परवा माझ्या धाकट्यानं ती कपाटातून ओढून काढली आणि एक पान चावलं. चावलेलं पान जुलैचं होतं.

टाकी दोनशे लिटरची होती. एका डॉक्टरांच्या वेटिंग रूममधून जुनी घेतलेली. लग्नाआधी आणि नंतर मिळून पाच वर्षं मी इचलकरंजीतल्या एका प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये होते. तिथं कापड रंगवायच्या पाण्याच्या तपासण्या करायचे. समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवायचं खूळ तिथूनच लागलं असावं. कोल्हापूरचे कोरगावकर काका म्हणजे निवृत्त विज्ञानशिक्षक. त्यांच्याकडं घरात भिंतभर टाकी. त्यांनी मला त्यांच्या मऊ प्रवाळाचा एक तुकडा कापून दिला होता. तो माझ्याकडं वाढून बशीएवढा झाला. पावसाळ्यातल्या अळंबीसारखा दिसायचा. आम्ही त्याला छत्री म्हणायचो. खाली दगडावर शर्टाच्या बटणांएवढी हिरवी-केशरी प्रवाळं होती, त्यांना बटणं. आणि दोन नारिंगी मासे.

पाणी रत्नागिरीहून यायचं. पहाटे मासळीचा टेम्पो कोल्हापूरला येतो, त्यातून काका स्वतःसाठी कॅन मागवायचे, दोन माझ्यासाठी पुढं पाठवायचे. सासूबाई दारातून हाक मारायच्या, "तुझा समुद्र आलाय गं."

फॉस्फेट वाढलं की शेवाळ वाढतं. ऑगस्टपर्यंत दगडांवर हिरवे केस आले होते. बटणं त्याखाली दबत चालली होती, आणि छत्री पंधरा दिवस मिटलेली होती.

फेब्रुवारीत, आठवा महिना चालू असताना, मला दवाखान्यात नेलं आणि चार दिवसांनी घरी आणलं. जाताना पोटात बाळ होतं, येताना नव्हतं. भूल उतरल्यावर डॉक्टरीणबाई पलंगाशी बसून काहीतरी सांगायला लागल्या, तेव्हा मी म्हणाले, मला काही सांगू नका. मुलगा की मुलगी, कसं दिसत होतं, काही नको. घरच्यांनाही तेच सांगितलं. ते ऐकलं गेलं. माझं दुसरं काही त्या घरात इतकं तंतोतंत कधी ऐकलं गेलं नसेल.

बाळ आल्यावर टाकी काकांना द्यायची असं आधी ठरलं होतं, कारण त्या कोपऱ्यात पाळणा बसणार होता. मग टाकी राहिली. नोकरीवर मी परत गेले नाही. त्या वर्षी माझ्या हाताखाली जगत असलेली तेवढी एकच गोष्ट होती.

"फॉस्फेट आकाशातनं पडत नाही पोरी," काका फोनवर म्हणाले. "आत जातंय म्हणून वाढतंय. कोण घालतंय ते शोध."

"मीच घालते काका. दुसरं कोण आहे?"

"मग हात आखड."

हात आधीच आखडला होता. माशांना दिवसाआड चिमूटभर गोठवलेली कोळंबी, तीही चहाच्या गाळणीत तीन पाण्यांनी धुऊन. बाजारात लोखंडाचे बारीक दाणे मिळतात, फॉस्फेट ओढून घेणारे, पण ते सारखे बदलावे लागतात, आणि एका पगारावर चालणाऱ्या घरात तो विषय काढण्यासारखा नव्हता. म्हणून काकांनी ऑगस्टमध्ये व्हिनेगर सुचवलं होतं. साधं, स्वयंपाकाचं. रोज थोडं थोडं टाकीत घालायचं. त्यावर पाण्यातले जंतू वाढतात आणि वाढताना फॉस्फेट खातात.

"मागच्या कप्प्यात पांढरं बुळबुळीत काही दिसायला लागलं की समज, लागू पडलं," ते म्हणाले होते.

टाकीच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराकडं, एक अरुंद कप्पा होता. पाणी गाळणारा स्पंज आणि पंप त्यात. त्यावर वेगळं झाकण. तिसऱ्या दिवशी मी झाकण उचललं तर स्पंजावर पांढरा बुळबुळीत थर होता. मी लगेच फोन केला.

"इतक्या लवकर?" काका म्हणाले.

"हो काका."

"बरं. चांगलं आहे मग."

थर वाढत गेला. मी खूश होते. फॉस्फेटही वाढत गेलं.

दुसरा उपाय चुन्याच्या पाण्याचा. त्यानं फॉस्फेट घट्ट होऊन तळाला बसतं. मी पानवाल्याकडून खायचा चुना आणला, औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आणली आणि पातेल्यात चुना ढवळत बसले. सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"काय करालीस?"

"चुन्याची निवळी."

"कुणाला?"

"टाकीला. रात्रभर थेंब थेंब सोडायची."

"असली निवळी? भिंती रंगवणार हाईस काय?" त्यांनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला. "सर तिकडं. मी दाखवतो."

आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं त्याही स्वतःविषयी 'करतो, जातो' असंच म्हणायच्या. त्यांनी कपाटातून काचेची उभी बरणी काढली. चमचाभर चुना, बाकी पाणी.

"आता ढवळायचं आणि विसरून जायचं. सकाळी वरचं नितळ तेवढं घ्यायचं. बरणी हलवायची न्हाई. हलली की परत पहिल्यापास्नं."

"तुम्हाला कसं काय माहीत?"

"धैर्याला दात येताना दिली की. दुधातनं, दोन थेंब. लहान पोरांना..."

त्या थांबल्या. मी बरणीकडं बघत राहिले. कपाट उघडंच होतं. वरच्या फळीवर लाल डबी, तिचं झाकण नीट लागलेलं नव्हतं, आत चांदीची वाटी आणि चमचा. मला सातवा लागला तेव्हा त्यांनी सराफाकडून आणला होता. तेव्हा म्हणाल्या होत्या, "मुलगी झाली तर उष्टावण पाचव्यात करायचं, मुलगा झाला तर सहाव्यात. तारीख तेवढी बदलंल, वाटी तीच."

पहिला भात भरवायची वाटी. इतके महिने कपाटात राहूनही ती काळी पडली नव्हती. मला तेवढं दिसलं. मी कपाट लावून घेतलं.

निवळी मात्र फार सुरेख झाली. मी खुर्चीवर बरणी ठेवून सलाईनच्या नळीनं थेंब सोडले. चार रात्री. रविवारी तपासणीची नळी पट्टीवर धरली. पॉइंट सहा.

"मग आता जाळी लाव," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यासारखी खात्री नव्हती. "शेवाळाला आपण जागा द्यायची. दगडावर वाढण्यापेक्षा जाळीवर वाढू दे. आठवड्याला खरवडून टाकायचं, त्याच्याबरोबर फॉस्फेट बाहेर."

रुखवतासाठी लोकरीचं भरतकाम करतात ती प्लास्टिकची जाळी माझ्या लग्नातली उरली होती. अर्धा राजहंस भरून झालेला. लोकर उसवली, जाळी पॉलिश पेपरनं खरखरीत केली आणि मागच्या कप्प्यातलं पाणी तिच्यावरून वाहील अशी टांगली. वर एक दिवा.

"शेवाळ जावं म्हणून शेवाळ लावालीस?" सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"बरं हाय."

त्या रात्री अकरानंतर धैर्यशील आला. जाळी बघितली, दिवा बघितला. जेवताना म्हणाला, "काकांचा फोन आला होता. छत्री जगेल म्हणाले त्यांच्याकडं. बटणांचं सांगता येत न्हाई."

"तू केलास की त्यांनी?"

"त्यांनी." घास मोडून म्हणाला, "मी."

बुधवारी सकाळी मी जाळी बाहेर काढली. तिच्यावर हिरवी लव धरली होती. काकांनी सांगितल्यासारखंच. दाताच्या जुन्या ब्रशनं खालची कड साफ करताना एका भोकात पांढरं काहीतरी अडकलेलं दिसलं. नखानं काढलं. भाताचं शीत होतं.

मला वाटलं माझ्याच हाताचं असेल. पण सकाळचे नऊ वाजले होते, आणि आदल्या रात्री मी भाकरी खाल्ली होती. शीत बोटांत दाबलं. फुगलेलं होतं, लगेच पीठ झालं.

मग मी मागचा स्पंज काढून स्टीलच्या ताटात पिळला. लॅबमध्ये पाच वर्षं मी पाण्याचे वास घेतले होते. नेमक्या याच पाण्याचा कधी घेतला नव्हता, कारण ते चांगलं चाललंय असं मी धरून बसले होते. वास घेतला. भात, दूध, आणि अगदी थोडं तूप. ज्याला मी जंतू समजत होते तो गुरगुट्या भात होता.

घरात तिघंच. धैर्यशील दुपारी दीडला बाहेर पडायचा. दुपारी जेवल्यावर घ्यायची एक गोळी मला दिलेली होती, ती घेतली की मी दोन तास झोपायचे. हिशेब सोपा होता. उरल्या सासूबाई, दसऱ्यापर्यंत बघू म्हणणाऱ्या माणसाची आई. मी ताट धुतलं, स्पंज परत ठेवला. हात साबणानं दोनदा धुतले.

त्या दिवशी जेवताना मी गोळी मुठीत ठेवली. "झोपते," म्हणाले, आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. दाराच्या फटीतून टाकीची मागची बाजू दिसायची.

अर्धा तास काही झालं नाही. भांडी घासल्याचा आवाज आला, मग थांबला. मग कपाट उघडल्याचा.

सासूबाई आल्या त्या पाय धुऊन आल्या होत्या. पायांचे ओले ठसे फरशीवर उमटत होते. डोक्यावर पदर. हातात चांदीची वाटी. त्यांनी मागच्या कप्प्याचं झाकण उचलून भिंतीला टेकवलं. चमच्यावर भात घेतला, अंगठ्यानं आणखी थोडा मऊ केला. मग चमचा तोंडाजवळ नेऊन त्यावर फुंकर घातली. एकदा, मग दुसऱ्यांदा. ओठांना लावून बघितला.

"गरम न्हाई," त्या म्हणाल्या, आणि चमचा पाण्यात उतरवला.

मी दार उघडलं.

"आई."

चमचा वाटीवर वाजला. त्यांनी वाटी पदराखाली घेतली. तशी ती दिसतच होती.

"झोपली न्हाईस?"

"कधीपासून घालताय?"

"लई न्हाई."

"कधीपासून, आई?"

"अकरा जुलैपास्नं."

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायला हवं. मला बरं वाटलं. दहा जुलै, रविवार, पॉइंट शून्य चार. सतरा जुलै, पॉइंट शून्य आठ. तिथून पुढं चढतच गेलेलं. वही बरोबर होती. माझा हात बरोबर होता, तपासणी बरोबर होती. दोन महिने जे कळत नव्हतं त्याची तारीख मिळाली होती.

"अकरा जुलैच का?" मी विचारलं.

"पाच महिने भरले की त्या दिवशी."

पंपाचा आवाज चालू होता. मी टाकीच्या काचेवर हात ठेवला. काच कोमट होती.

"पाच," मी म्हणाले.

त्यांनी पदर तोंडाशी नेला. आपण काय बोलून बसलो ते त्यांना माझ्या आधी कळलं असावं.

"मुलगी होती," मी म्हणाले.

"तूच सांगू नका म्हणालीवतीस. सात महिने चकार शब्द काढला न्हाई मी. धैर्याजवळबी न्हाई."

"मुलगी होती का?"

"व्हय."

आम्ही खाली बसलो, त्या भिंतीला टेकून आणि मी टाकीच्या स्टँडला. त्यांनी वाटी मधे ठेवली. वाटीत दोन घास उरले होते.

"कशी होती?"

"केस लई." त्यांनी स्वतःच्या कपाळावरून बोट फिरवलं. "इथवर आलेलं. कपाळ तुझं. नाक आमचं, बसकं." त्या जराशा हसल्या, मग हसू पुसलं. "धैर्यानं दुपट्यात घेतली. मामाबरोबर मळ्याकडं घेऊन गेला. मला म्हणाला, तू येऊ नको. मी म्हणलं, बघू तर दे. बघितली."

"मग?"

"मग काय. म्हातारं माणूस गेलं की दहावा असतोय, तेरावा असतोय, कावळा शिवायची वाट बघतात. एवढ्याशा लेकराचं पिंड नसतंय, श्राद्ध नसतंय, काय नसतंय. मग तिनं जेवायचं कवा? पाचवा भरला तशी वाटी डोळ्यापुढनं हलंना. पंचगंगेत सोडणार होतो. पण नदीचं काय, हितनं सोडलं की तिकडं गेलं. हे पाणी घरात ऱ्हातंय. आन् समुद्राचं हाय. सगळ्या नद्या शेवटी तिथंच जातात न्हवं?" त्यांनी टाकीकडं बघितलं. "एक दिवस म्हणून घातला. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल जेवली, आज उपाशी कशी ठेवायची."

मी वाटीतली शितं बघत राहिले.

"तू रडंना झालीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"पाणी देऊ?"

"नको."

मग त्यांची नजर छत्रीवर गेली. मिटलेली, मळकी, कडेला शेवाळ धरलेली.

"तेजू, हे असं झालंय ते माझ्या भातानं काय?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणाले. "भातानं. आणि दुधानं."

"आन् तू निवळी करालीस, जाळी टांगालीस. मी बघालोय आन् रोज घालालोय." त्या गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. "उद्यापास्नं बंद."

"बंद नको."

"मग?"

मी वाटी उचलली. हलकी होती. आतून एक बारीक वेलबुट्टी काढलेली होती. आणली तेव्हा मी ती नीट बघितली नव्हती.

"पाच महिन्यांचं बाळ किती खातं?" मी विचारलं.

"खातंय कसलं. बोटाच्या टोकावर लावायचं. चार शितं. त्यातली दोन थुकतंय."

"मग चार शितं घाला. चारच. दूध नको, तूप नको."

"नुसता भात?"

"धुतलेला."

"धुतलेला भात कोण घालतंय लेकराला?"

"आई."

"बरं. धुतो."

"आणि मागं घालू नका, कुजतो तिथं. पुढून घाला. मासे लगेच खातात."

त्यांनी विचार केला. "मासे खातील?"

"खातील."

"मग तर चांगलंच. कुणीतरी खाल्लेलं दिसंल तरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी गाळणीत भात धुतला, माझी कोळंबीची गाळणी. चार शितं मोजून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "आज तू." मी झाकण उचललं. नारिंगी मासे वर आले. पहिलं शीत पाण्याला लागलं न लागलं तोच त्यातल्या मोठ्या माशानं ते पकडलं, सोडलं, पुन्हा पकडलं.

"नखरा बघ," सासूबाई म्हणाल्या.

वहीत चार रकाने होते. तारीख, फॉस्फेट, खाद्य, शेरा. खाद्याच्या रकान्यात मी 'कोळंबी – चिमूट' असं लिहायचे, दिवसाआड. त्या दिवशी खाली आणखी एक ओळ लिहिली. 'भात – ४ शितं.' मग रोज लिहीत गेले.

मी मागचा कप्पा रिकामा करून धुतला. स्पंज टाकून दिला. दोनदा समुद्र आला, दोनदा पाणी बदललं. जाळी दर रविवारी मूठभर शेवाळ द्यायला लागली. ते धुऊन सासूबाई परसातल्या मोगऱ्याला घालायच्या. व्हिनेगर बंद केलं. नळीतला निळा फिका होत गेला. पॉइंट तीन, पॉइंट दोन, पॉइंट एक. काकांना मी एवढंच सांगितलं की मागच्या कप्प्यात अन्न साठत होतं. ते म्हणाले, "मी म्हणत होतो. आत जातंय म्हणून वाढतंय." मी हो म्हणाले.

बटणांपैकी निम्मी गेली. ती परत आली नाहीत. छत्रीनं एका सकाळी मेणासारखी पातळ कात टाकली. तिसऱ्या दिवशी मी चहाचा कप घेऊन आले तेव्हा तिचे सगळे बारीक हात बाहेर होते, पाण्याबरोबर हलत होते. सासूबाई आधीच तिथं उभ्या होत्या. मला बघून त्यांनी बोट ओठावर ठेवलं. झोपलेलं कुणी उठेल असं.

खंडेनवमीला त्यांनी घरातली विळी, कात्री, धैर्यशीलचे पाने पाटावर मांडले. शेजारी माझी तपासणीची नळीही होती, हळदकुंकू लावून. धैर्यशीलनं ती बघितली आणि माझ्याकडं बघितलं.

दसऱ्याच्या सकाळी गिरणीला सुट्टी होती. तो आंघोळ करून आला आणि टाकीसमोर उभा राहिला.

"वही दाखव."

मी दिली. तो बोट फिरवत वाचत गेला. मशीनचं लॉगबुक वाचतो तसं, खालून वर.

"पॉइंट शून्य आठ."

"परवाचं आहे."

"पाहिजे होतं शून्य पाच."

"हो."

बोट वर सरकलं, थांबलं.

"हे काय? भात?"

"चार शितं. रोज."

"माशांना भात घालालीस तू?"

स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज थांबला.

"आई आणि मी," मी म्हणाले. "वहीत पंधरा सप्टेंबरपासून आहे. आई त्याच्या आधीपासून घालत होत्या. अकरा जुलैपासून."

त्याला मोजावं लागलं नाही. फेब्रुवारीतली ती अकरा तारीख मी भुलेच्या झोपेत घालवली होती, त्यानं जागेपणी. त्यानं वही मिटली, पण बोट त्या पानात तसंच ठेवलं. मग छत्रीकडं बघितलं.

"तुला कळलं मग," तो म्हणाला.

"हो."

"मी सांगणार होतो. लई वेळा. कामावरनं यायचो तर तू हितं बसलेली. मला वाटायचं ही टाकी गेली की तू विचारशील." तो माझ्याकडं वळला. "तिचे केस..."

"आईंनी सांगितलं. इथवर."

"व्हय. इथवर."

त्यानं खुर्ची ओढली आणि बसला. वही पुन्हा उघडली, त्याच पानावर. स्वयंपाकघरात अजून काही वाजत नव्हतं.

"आज अकरा ऑक्टोबर," तो म्हणाला. "आठ महिने झाले."

"हो."

"आठ महिन्यांच्या पोरीचं चार शितांत काय होतंय?"

"वाढवला तर फॉस्फेट वाढेल."

"किती?"

"थोडं. पॉइंट शून्य एक, दोन."

"वाढू दे."

मी त्याच्या हातातून वही घेतली. त्या दिवसाची ओळ सकाळीच लिहून ठेवली होती. चारवर काट मारली आणि शेजारी सहा लिहिलं.